शांततेचा सौदा

उन्हं तापायला लागली की आमच्या कोडिंगच्या बॅचच्या ग्रुपवर अपडेट पडायला लागतात. कंपन्यांची वर्षं मार्चात संपतात, एप्रिलात बढत्यांची पत्रं निघतात, आणि मग ज्याचं त्याचं सुरू होतं. कुणी पुण्यात टीम लीड झालेला असतो, कुणी हैदराबादला गेलेला असतो, कुणाचं ॲप कुठल्याशा बँकेने घेतलेलं असतं. काचेच्या इमारतीसमोर, गळ्यात कंपनीचा पट्टा अडकवून काढलेले फोटो. त्याखाली टाळ्या, फुलं, हृदयं. मी भिवंडीजवळ दापोड्याच्या गोडाऊनमधल्या माझ्या ऑफिसात डोक्यावर तापलेला पत्रा आणि समोर ताडगोळ्यांची पिशवी घेऊन हे सगळं वाचत बसते. ताडगोळे सोलताना दोन्ही हात गुंततात, त्यामुळे मी कुणाला टाळ्या पाठवत नाही. हात मोकळे असते तरी पाठवल्या नसत्या, ही गोष्ट वेगळी.

मीही त्याच बॅचची. पण माझा अपडेट तिथे अपडेट धरत नाहीत.

त्याचं असं झालं. राहनाळच्या आमच्या वस्तीतून मी पहिल्यांदा दापोड्याला गेले ती खोक्यांना टेप मारायला. मग पॅकिंगचा ठेका घेतला, मग एक टेम्पो, मग दुसरा. मला कुणी काही आयतं दिलेलं नाही. जे मिळवलं ते समोरच्याशी घासाघीस करून, आवाज चढवून, दोनदा उठून निघून जाऊन आणि तिसऱ्यांदा परत बोलावल्यावर मिळवलं. एक दिवस मुंबईचा एक विक्रेता टेम्पोंचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर घेऊन आला. मी त्याला चार प्रश्न विचारले. पाचव्याला तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला यातलं कळणार नाही." मी त्याला चहा न पाजता बाहेर काढला आणि त्याच आठवड्यात कोडिंगच्या बूटकॅम्पला नाव घातलं. सहा महिन्यांचा कोर्स, कल्याण नाक्याजवळ कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर. फीवरून घासाघीस करणारी मी त्यांची पहिलीच विद्यार्थिनी होते म्हणे.

आई म्हणाली, "चाळिशी गेली न् आता शालेत चाललीस? टेम्पो कोन बघल? मी न्हाय बघनार, आधीच सांगते हाय."

बघितले मात्र तिनेच. ड्रायव्हर मला घाबरायचे नाहीत तितके तिला घाबरायचे.

त्या वर्गातली एक गोष्ट मला फार आवडायची. रोज सुरुवातीला सगळ्यांनी उभं राहायचं आणि तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठे. पोरं पहिल्या दोन गोष्टी घडाघडा सांगायची आणि तिसरीला गप्प व्हायची. अडलंय हे कबूल करायला लाज वाटायची. मला कसली लाज? सकाळी नाक्यावर हमालांशी मी हेच बोलत आले होते. मी मोठ्याने सांगायचे, "मला कालचं काहीही समजलेलं नाही, आणि ते समजल्याशिवाय मी पुढचं ऐकणार नाही." सर कपाळ चोळायचे. मागच्या बाकावर बसणारी एक मुलगी खाली मान घालून हसायची. ती लावण्या.

कोर्स संपताना प्रत्येकाने एक प्रोजेक्ट करायचा होता. पोरांनी हॉटेल बुकिंग केलं, पुस्तकांची दुकानं केली. मी माझ्या टेम्पोंसाठी एक प्रोग्राम लिहिला आणि त्याला नाव दिलं 'कुठं आहेस'. भिवंडीत ड्रायव्हरला फोन करून हा प्रश्न विचारला की ठरलेली उत्तरं येतात. 'नाक्यावर आलो' म्हणजे अजून जेवतोय. 'पोचलोच' म्हणजे आता किल्ली शोधतोय. 'पाच मिनिटं' याला तर काही अर्थच नाही, तो नमस्कार म्हणायचा एक प्रकार आहे. माझा प्रोग्राम ड्रायव्हरचं उत्तर घ्यायचा, तो माणूस आधी किती खरं बोललाय ते बघायचा आणि गिऱ्हाइकाला खरी वेळ सांगायचा. सर म्हणाले, कल्पना चांगली आहे पण नाव जरा प्रोफेशनल ठेवा. मी ठेवलं नाही. तो प्रोग्राम आजही रोज चालतो. दापोड्यातले आणखी दोघे ट्रान्सपोर्टवाले तो माझ्याकडून वापरायला घेतात.

आणि तरी त्या क्लासच्या जिन्यात यशस्वी विद्यार्थ्यांचे जे फोटो लावलेत, त्यात माझा नाही. मी विचारायला गेले. सर म्हणाले, "ताई, तो बोर्ड प्लेस झालेल्यांचा आहे. तुम्ही कुठे प्लेस झाला नाहीत." मी म्हटलं, "माझ्याकडे माणसं कामाला आहेत. मी लोकांना कामाला लावते आणि तुम्ही म्हणता मला काम लागलं नाही?" ते म्हणाले, रूल आहे. तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी ग्रुपवर एकच ओळ टाकते: 'प्रोजेक्ट चालू आहे.' दर उन्हाळ्यात सर खाली लिहितात: 'कृपया फक्त करिअर अपडेट.' हे मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. जिन्यातल्या त्या भिंतीवर खालच्या ओळीत, उजव्या कोपऱ्यात एक जागा रिकामी आहे. ती मी बघून ठेवली आहे.

राग आहे तो आहे. पण उन्हाळा आला की मला खरं आठवतं ते रागाचं काही नसतं. आठवतो तो आमचा कोर्स संपल्यानंतरचा पहिला उन्हाळा, आणि लावण्याच्या घराचा जिना.

भिवंडीचा उन्हाळा बाहेरच्याला कळायचा नाही. इथे ऊन वरून पडतंच, शिवाय भिंतींतून येतं, पत्र्यातून येतं, मशीनच्या पोटातून येतं. यंत्रमागांच्या, आम्ही म्हणतो लूमच्या, शेडमधून कापसाचे बारीक तंतू उडत राहतात आणि गल्लीतल्या प्रत्येक वस्तूवर बसतात. त्या वर्षी जयंतीच्या निळ्या पताका अजून उतरवल्या नव्हत्या. त्यांच्या कडांना पांढरी लव आली होती, जणू कुणी त्यांना लोकरीची झालर लावली होती. कलिंगडवाल्याच्या फोडींवर जाळी, जाळीवर लव. दुपारी वीज जायची आणि सगळे दाराच्या उंबऱ्यावर येऊन बसायचे. उत्तरेकडचे कारागीर गावी जायच्या गोष्टी करायचे. कुणाच्या भावाचं लग्न, कुणाचं गव्हाचं शेत, कुणाला झालेलं बाळ अजून बघायचंय. उन्हाळ्याच्या शेवटी शेड ओस पडायच्या आणि मग काही आठवडे भिवंडी आजारी माणसासारखी हळू बोलायची.

लावण्याचं घर अशाच एका शेडच्या डोक्यावर होतं. तिचे वडील नरसय्या तेलंगणातून पोरवयात आलेले, खालच्या शेडमध्ये मुकादम. घरात आपसात तेलुगू, बाहेर मराठी आणि शेडमध्ये हिंदी. एकच लांबट खोली, टोकाला ओटा, खिडकीशी टेबल आणि त्यावर सुटे भाग जोडून बनवलेला कॉम्प्युटर. खाली लूम चालू असले की जमीन थरथरायची. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिच्या आईने चहा दिला. कपातल्या चहावर गोल गोल वलयं उठत होती, मी कप उचलला तरी थांबली नाहीत, कारण माझा हातही थरथरत होता. आम्ही एकमेकींच्या कानाशी ओरडून बोललो. निघताना माझा घसा बसला होता आणि त्या माउलीचा नाही.

आमच्या बॅचमध्ये कोडिंग सगळ्यांत चांगलं कुणाला यायचं तर लावण्याला. हे मी म्हणते असं नाही, सरही म्हणायचे. दुसऱ्याचं चुकलेलं ती आपण डाळीतले खडे बघतो तसं बघायची. पण नोकरी लागत नव्हती. मुंबईला, पुण्याला जाऊन राहायला घरून परवानगी नव्हती आणि घरी बसून करायच्या कामांचे इंटरव्ह्यू कॉम्प्युटरवरून व्हायचे. ती बोलायला लागली की समोरचा विचारायचा, "मागे कसला आवाज येतोय? तुम्ही कारखान्यात बसलात का?" ती म्हणायची, घरीच आहे. तो म्हणायचा, आपण नंतर बोलू. ते नंतर कधी यायचंच नाही.

मग एका छोट्या कंपनीने तिचा प्रोजेक्ट बघून तिला बोलावलं. पहिल्या खेपेला तिथेही तेच झालं, पण त्या कंपनीचा मालक जरा बरा माणूस असावा. त्याने पुन्हा एक दिवस दिला. गुरुवार, दुपारी. अट एकच: जिथे बसून रोज काम करणार तिथूनच बोलायचं, आणि जागा शांत हवी. शुक्रवारी नमाजाच्या वेळी शेड आपोआप बंद असते, म्हणून तिने शुक्रवार मागून बघितला. ते म्हणाले, गुरुवारच.

त्याच आठवड्यात नरसय्या माझ्या ऑफिसात आले. पांढरा शर्ट, केसांवर कापूस. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"वनिताताई, शेड बंद झाल्यावर आम्ही गावी जातो. तिथून आल्यावर हिला तुमच्याकडेच स्कॅनिंगला घ्या."

"कशाला? तिचा इंटरव्ह्यू आहे ना?"

"किती झाले इंटरव्ह्यू. पोरगी रोज केस विंचरून खिडकीत बसते आणि रोज तोंड पाडून उठते. मला बघवत नाही. इंटरनेटची वायर पण काढून टाकणार मी. तुमच्याकडे निदान चार माणसांत राहील."

मला तेव्हा स्कॅनिंगला माणसं हवीच होती. हातात मशीन धरून खोक्यांवरच्या पट्ट्यांवर लाल उजेड मारत फिरायचं, दिवसभर टीं टीं करत. लावण्यासारखी पोरगी मिळाली असती तर माझं फार भलं झालं असतं. पण मला ती खोक्यांच्या रांगांतून फिरताना डोळ्यांसमोर दिसली आणि डोकं तापलं. कुणावर ते कळलं नाही, म्हणून नरसय्यांवरच ओरडले. "गुरुवार होऊ द्या. मग बघू. आणि वायरीला हात लावलात तर याद राखा."

मग मी तडक इक्बालसेठकडे गेले. शेड त्यांची. टेबलफॅनसमोर बनियनवर बसले होते.

"सेठ, गुरुवारी दुपारी दोन घंटे लूम बंद पाहिजेत."

ते हसले. "वनिताबेन, लूम है, पंखा नहीं है."

"नरसय्याच्या मुलीचा इंटरव्ह्यू आहे."

"तो बच्ची को बोलो होटल में बैठ के दे. एसी में."

"कंपनी बोलती है, जहाँ से काम करना है वहीं से बैठो."

"अच्छा?" सेठ पुढे वाकले. "तो नौकरी लगने के बाद रोज बंद करूँ? नौकरी उसकी लगे और धंदा मेरा बैठे?"

माणूस हुशार. नेमकं तिथेच बोट ठेवलं. मी म्हटलं, "रोजचं रोज बघू. आज गुरुवारचं बोला."

"दस मिनट."

"दहा मिनिटांत तर त्यांचं हॅलो हॅलो संपत नाही."

मी दोन तास मागितले होते ते एक मिळावा म्हणून, आणि ते दहा मिनिटं म्हणाले ते एक द्यावा लागू नये म्हणून. दोघांनाही हे ठाऊक होतं. चहा आला, संपला. मी एकदा दारापर्यंत जाऊन आले. शेवटी ठरलं: एक तास, त्याबदल्यात ईदच्या आदल्या दिवशी माझे टेम्पो त्यांच्या कापडाला. त्या दिवशी भिवंडीत टेम्पो मिळायचा म्हणजे लोक सासऱ्याची ओळख काढतात. मी एक म्हटलं, ते दोन्ही म्हणाले. दोन्ही गेले.

"लेकिन मैं तो खाली मालिक हूँ," सेठ म्हणाले. "लूम कारीगर चलाता है. जितना बुनेगा उतना पाएगा. उनसे भी पूछ लो."

कारागिरांमध्ये सगळ्यांत वडीलधारे रफीकचाचा. आयुष्य लूमपाशी गेलेलं, त्यामुळे कान गेलेले आणि आवाज वाढलेला. 'कैसे हो' विचारलं तरी भांडण वाटावं असं बोलायचे. मी सगळं सांगितलं. त्यांनी बाकीच्यांकडे बघितलं, तंबाखू थुंकले आणि ओरडले, "हमको गाँव का टिकट चाहिए. कन्फर्म. सबका. एक ही डिब्बे में."

"एकाच गाडीत," मी म्हटलं. "डबा माझ्या हातात नाही."

"और गुरुवार को बरफ!"

"बर्फ देते."

"शरबत भी!"

"चाचा, बर्फ काय नुसताच चोखणार? सरबत त्यातच आलं."

त्यांना हसू आवरलं नाही, म्हणजे सौदा झाला. मी आणि लावण्या दोन सकाळी फोन आणि कॉम्प्युटर घेऊन तिकिटांच्या मागे लागलो. पान उघडायचं, फिरत राहायचं, बंद पडायचं. ती शिव्या देत नाही, म्हणून तिच्या वाटच्याही मी दिल्या. तिकिटं झाली. शेवटच्या तिकिटाचं नाव टाइप करता करता ती म्हणाली, "ताई, एक दिवस झालं. पण रोज कोण लूम बंद करणार?"

"आधी नोकरी हातात घे. रोजचं मी बघते."

"कसं बघणार? रोज टेम्पो देणार?"

"आधी ते नाव नीट टाइप कर," मी म्हटलं. सौद्यात पुढचा प्रश्न पुढे ढकलायचा असतो, हे तिला अजून शिकायचं होतं असं मला वाटलं.

आताशा मी त्या गल्लीत गेले की थोडी थांबते. तिथल्या दोन शेड गेल्या, त्या जागी गोडाऊन झाली. माझ्यासारख्यांचाच धंदा वाढला म्हणायचा. दापोड्याला तर भाताच्या शेतांची नावं आता गोडाऊनच्या गेटांवर वाचायची, कुणाचा मळा, कुणाची खाचरं. मला त्याचं फार दुःख होतं असं नाही. मी त्यातूनच वर आले. पण लूमचा आवाज कानावर आला की बरं वाटतं. आमच्याकडची तान्ही पोरं लूम चालू असताना झोपतात आणि बंद झाले की दचकून उठतात. बाहेरून आलेली सून पहिला महिना झोपत नाही, आणि माहेरी गेली की तिथे झोपत नाही. हे सगळं मला माहीत होतं. जन्मापासून माहीत होतं. आणि तरी त्या गुरुवारी मी शांतता विकत घ्यायला निघाले होते, कारण समोरच्या गिऱ्हाइकाने शांतता मागितली होती. गिऱ्हाईक मागतं ते द्यायची सवय हाडात मुरते. आपल्या माणसाला काय हवंय हे विचारायचं राहून जातं.

गुरुवारी दुपारी लावण्या केस विंचरून, निळा कुडता घालून खिडकीशी बसली. तिची आई ओट्याजवळ, मी दाराशी जिन्याच्या वर. खाली रफीकचाचांनी हात वर केला आणि एकेक लूम थांबला.

अशी शांतता मी त्या गल्लीत कधी ऐकली नव्हती. वीज जाते तेव्हा लोक बोंबा मारतात, त्यामुळे तीही शांतता नसते. शुक्रवारची सवयीची असते. ही अचानक आलेली होती, भरदुपारी, वीज असताना. क्षणभर काही झालं नाही. मग समोरच्या घराची खिडकी उघडली. मग पलीकडची. मग खालून पावलं यायला लागली.

"क्या हुआ? कौन गुजर गया?"

भरदिवसा लूम बंद म्हणजे शेडमध्ये कुणीतरी गेलं, हीच तिथली रीत. मालकाच्या घरचं असो, कारागिराचं असो, लूम थांबवतात. आम्ही सगळं ठरवलं होतं, तिकिटं, टेम्पो, बर्फ. पण गल्लीला सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं. बघता बघता शेडच्या दारात माणसं जमली. बायका डोक्यावर पदर, ओढण्या घेऊन आल्या. किराणावाल्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. कुणीतरी नरसय्यांना मिठीत घेऊन पाठीवर हात फिरवायला लागला आणि ते बिचारे मान हलवत राहिले.

मी वरून हाताने खुणा करत होते, जा, जा. मला कुजबुजता येत नाही, कधीच जमलं नाही. रफीकचाचांना तर त्याहून नाही. ते दारात उभे राहून सगळ्या ताकदीनिशी ओरडले, "कोई नहीं मरा! चुप रहो! ऊपर शांती चाहिए!"

त्यावर एक बाई रडायलाच लागली.

मी आत बघितलं. स्क्रीनवर एक मध्यम वयाचा, चष्मेवाला माणूस शांतपणे इंग्रजीत काहीतरी सांगत होता. त्याने एक प्रश्न दिला होता, त्याचा प्रोग्राम लिहून दाखवायचा होता. असले प्रश्न लावण्या वर्गात शेंगा सोलाव्यात तसे सोडवायची. पण तिची बोटं कीबोर्डवर नुसती टेकलेली होती, हलत नव्हती. कपाळावर घाम. तिने माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "ताई, फार आवाज येतोय."

"आत्ता हाकलते सगळ्यांना."

"त्यांचा नाही. घड्याळाचा येतोय. आईच्या बांगड्यांचा येतोय. माझ्या श्वासाचा पण येतोय. मला काही सुचत नाही." आणि मग, जराही न थांबता, "लूम चालू करा."

माझा संताप संताप झाला. ईदचे दोन टेम्पो, सकाळची झोप, लादीभर बर्फ. मी दात आवळून म्हटलं, "वेडी झालीस का? अर्धा तास काढ. पदरात पाडून घे नोकरी, मग ऐक तुझे लूम."

पण ती स्क्रीनकडे वळली होती. आणि ती बोलली ते तिच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे लूमच्या वर चढवलेल्या आवाजात. तो माणूस खुर्चीत मागे सरकला. "सर, आमच्या घराखाली लूम आहेत. तुमच्यासाठी आज बंद ठेवलेत. रोज बंद नसणार. मी यातच वाढले, मला यातच सुचतं. चालू करू का?"

तो म्हणाला, "मग आपण बोलणार कसं?"

"लिहून," ती म्हणाली.

त्याने काही म्हणायच्या आत मी जिना उतरत होते. का उतरले ते मला सांगता येणार नाही. तिच्या आवाजात काहीतरी असं होतं की माझ्यातल्या भाव करणारीने मागे सरून जागा दिली. खाली गर्दीतून वाट काढत मी रफीकचाचांना गाठलं. "चालू करा. सगळे. आत्ता."

चाचांनी सरबताचा ग्लास खाली ठेवला. "सौदा तो बंद का हुआ था. चालू करने का क्या दोगी?"

मी ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. कुणी गेलेलं नाही हे त्यावरून कळून गल्लीतल्या बायकांनी डोक्यावरचे पदर खाली घेतले, इक्बालसेठ केबिनच्या दारात पोट धरून हसले आणि चाचा हात वर करून ओरडले, "चलो, मालकिन गरम हो गई!"

पहिला लूम सुरू झाला, मग त्याच्या शेजारचा. आधी वेगवेगळे ऐकू येतात, टोले मोजता येतात. मग ते एकमेकांत मिसळतात आणि मग मोजायला काही उरत नाही, नुसती एक थरथर असते, पायांतून वर चढणारी. गल्लीने सुस्कारा सोडला. किराणावाल्याने शटर वर ढकललं. मी धापा टाकत वर पोचले तर लावण्याची बोटं चालत होती. खांदे सैल झाले होते. ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती, वर्गात करायची तशीच, आणि स्क्रीनवर ओळीखाली ओळ उमटत होती. तिची आई ओट्याशी कांदा चिरायला लागली होती. सगळं पुन्हा नेहमीसारखं झालं होतं, एका मिनिटात.

तो माणूस प्रश्न लिहायचा, ती उत्तर लिहायची. एकदा त्याने तिची चूक दाखवली. तिने लिहिलं, इथे अडलंय, विचार करते. आणि केला. मग तिनेच त्याच्या प्रश्नातली एक गोष्ट चुकीची आहे असं लिहिलं. तो स्क्रीनजवळ वाकला आणि त्याने लिहिलं: खरं आहे.

शेवटी त्याने लिहिलं: हा आवाज रोज असाच असतो का?

मी तिच्या मागे उभी होते. नाही म्हण, मी मनात म्हणत होते. कधीकधी म्हण. उन्हाळ्यात बंद असतो म्हण, ते काही खोटं नाही. एवढ्या वर्षांच्या सौद्यांत मी मालातलं वैगुण्य असं पहिल्या विचारण्यात कधी काढून दाखवलं नव्हतं.

तिने लिहिलं: हो. दोन्ही शिफ्टला.

आणि हात मांडीवर ठेवून बसली. एकही शब्द जास्त नाही. समजावणं नाही, विनवणं नाही. आपला भाव सांगून झाला की गप्प बसायचं, जो आधी बोलेल तो खाली येतो, हे मला कळायला निम्मं आयुष्य गेलं. तिला कुणी शिकवलं कोण जाणे. स्क्रीनवर तो माणूस चष्मा पुसत होता. टेबलावरचं पाणी ग्लासात थरथरत होतं.

मग अक्षरं आली: आमच्याकडे मीटिंगा फार होतात, तुम्ही त्यात लिहून बोला. बाकीच्यांनाही जरा कमी बोलायची सवय लागेल. सोमवारपासून येता का?

लावण्याच्या तोंडून हुंदका आला की हसू, त्या आवाजात कळलं नाही. तिची बोटं 'हो' लिहायला झेपावली. मी तिचं मनगट पकडलं आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन, होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "पहिल्या बोलीला हो म्हणू नये! मंगळवार म्हण!"

तिने माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले, आणि त्यातूनच हसत होती.

तिने लिहिलं: मंगळवार.

त्याने लिहिलं: चालेल.